यकृतपेशीच्या दिंडीवरचे प्रथिन

(न्यासाच्या वार्षिक सभेनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रुग्णालयाचा जमाखर्च आणि वर्षभरातील कार्याचा तपशील या अहवालाच्या अन्य पानांवर आहे. त्याची पुनरुक्ती न करता एखाद्या वैद्यकीय विषयावर सर्वांना समजेल असे काही सांगावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. आम्ही विषय निवडला तो काविळीचा, आणि त्यातही एका अगदी लहान प्रथिनाचा. हे प्रथिन मानवी शरीराचे नव्हे, ते हिपॅटायटिस ई या विषाणूचे आहे. देणगीदारांपुढे रेणूंची चर्चा कशासाठी, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पावसाळा लागला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : "घरात एकाला कावीळ झाली, आता बाकीच्यांनी काय करायचे?" या प्रश्नाचे खरे उत्तर त्या लहान प्रथिनाच्या कार्यात दडलेले आहे. शिवाय या रोगाविषयीच्या ज्ञानाचा पाया घालण्यात आपल्या पुणे शहराचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट शनिवार पेठेतल्या सभेत सांगण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कावीळ हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताचे हे काम मंदावले की द्रव्य रक्तात साचते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. यकृतास सूज आणणारे जे मुख्य विषाणू आहेत त्यांपैकी बी आणि सी हे रक्तातून व शरीरातील द्रवांतून पसरतात, तर ए आणि ई हे प्रामुख्याने पिण्याच्या पाण्यातून. ए बहुधा बालपणीच गाठतो आणि सहसा सौम्यपणे निघून जातो. ई तरुण, कर्त्या माणसांना गाठतो. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तर तो अत्यंत निर्दय ठरतो.

या विषाणूची ओळख पटण्यास फार वेळ लागला. १९५५ च्या डिसेंबरापासून पुढील काही आठवडे दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पुरानंतर नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथील पाणी उपसा केंद्रापर्यंत उलटले होते. सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाल्याची नोंद आहे. ती साथ हिपॅटायटिस ए ची, असेच वैद्यकविश्व दोन तपांहून अधिक काळ मानून चालले. सुदैवाने त्या साथीतील रक्ताचे काही नमुने जतन करून ठेवलेले होते. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झालेली संस्था १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. कॅम्पातील आंबेडकर रस्त्यावरून जाताना तिची इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या संस्थेच्या तत्कालीन संचालिका डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांसमवेत जुने नमुने तपासले, आणि १९८० साली लॅन्सेट या नियतकालिकातून निष्कर्ष प्रसिद्ध केला : ही कावीळ ए ची नाही आणि बी चीही नाही. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीच्या अभ्यासावरून स्वतंत्रपणे तेच सांगितले. १९८३ साली मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या मलाचा अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच विष्ठेत विषाणूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. विज्ञानासाठी असेही करणारी माणसे असतात! पुढे पुण्यातील डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली भारतातील रुग्णांमधून असेच कण दाखवले. विषाणूची संपूर्ण जनुकीय लिपी १९९१ मध्ये वाचली गेली.

आता त्या लिपीकडे वळू. हिपॅटायटिस ई चा विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे तीस हजार विषाणू एका ओळीत मावतील. त्याच्या पोटात आरएनए चा एकच धागा असतो आणि त्या धाग्यावर सुमारे ७,२०० अक्षरे असतात. एवढ्या मजकुरात मुख्यतः तीन प्रथिनांच्या पाककृती लिहिलेल्या आहेत. पहिले प्रथिन मोठे असून विषाणूच्या प्रती काढण्याचे काम करते. दुसऱ्यापासून विषाणूचे कवच तयार होते. तिसरे, ज्याला शास्त्रीय परिभाषेत ओआरएफ-३ म्हणतात, ते जेमतेम ११३-११४ अमिनो आम्लांचे आहे. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची पाककृती धाग्यावर एकमेकींवर चढलेली आहे. एकच ओळ दोन ठिकाणांहून वाचायला सुरुवात केली तर दोन निराळे अर्थ निघावेत, तशी. आपल्याकडच्या श्लेषप्रिय कवींना या काटकसरीचा हेवा वाटला असता.

या तिसऱ्या प्रथिनाचे काम काय, हे बराच काळ कोडे होते. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये ते काढून टाकले तरी विषाणूच्या प्रती निघत राहत. म्हणजे ते अनावश्यक असावे? परंतु २००५ साली असे दिसून आले की ते नसलेला विषाणू माकडांना संसर्ग करूच शकत नाही. दरम्यान, दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात डॉ. शाहिद जमील यांच्या गटाने १९९७ साली दाखवले होते की या प्रथिनावर यकृतपेशीचीच विकरे फॉस्फेटचा एक गट चढवतात. पेशीच्या अंतर्गत संदेशवहनात असे फॉस्फेट चढवणे म्हणजे दिवा लावणे-विझवणे असते. तेव्हा हे परके प्रथिन पेशीच्या संदेशयंत्रणेत हात घालीत असावे, हा तर्क तेथून पुढे निघाला.

कोड्याचा मुख्य उलगडा जपानमधील संशोधकांनी २००९ ते २०११ या काळात केला. हे प्रथिन नसेल तर विषाणू पेशीत तयार होतो, पण बाहेर पडू शकत नाही. येथे आपल्या पेठेतल्या जुन्या वाड्याचे उदाहरण घेऊ. वाड्याचा थोरला दरवाजा रात्री बंद होई, परंतु त्यातच एक लहान दिंडी असे आणि घरची माणसे तिच्यातून ये-जा करीत. यकृतपेशीलाही अशी दिंडी आहे. पेशीला नको असलेली प्रथिने लहान लहान पिशव्यांत भरून नेणारी एक यंत्रणा तिच्यात असते आणि टीएसजी-१०१ नावाचे प्रथिन त्या यंत्रणेचे जणू द्वारपाल असते. विषाणूच्या ओआरएफ-३ मध्ये प्रोलिन, सेरिन, अ‍ॅलानिन, प्रोलिन अशी चार अमिनो आम्ले एका विशिष्ट क्रमाने येतात. हा क्रम द्वारपालाच्या ओळखीचा आहे. घरच्याच माणसाने हाक मारली असे समजून तो दिंडी उघडतो. प्रयोगात ही चार अक्षरे बदलली तेव्हा बाहेर पडणाऱ्या विषाणूंची संख्या एकदम घटली. २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एक पैलू पुढे आणला : या प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलात आयनांना जाण्यापुरते छिद्र तयार करतात, आणि तेही विषाणूच्या सुटकेस आवश्यक असते.

दिंडीतून जाताना विषाणू पेशीच्याच स्निग्ध पटलाची शाल पांघरून निघतो, आणि या विषाणूचे सारे कौशल्य या शालीत आहे. रक्तात असताना शाल त्याच्या अंगावर राहते, त्यामुळे कवचाविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना तो सहजी दिसत नाही. मात्र बहुतेक विषाणू पेशीच्या दुसऱ्या बाजूने, पित्ताच्या सूक्ष्म नलिकेत उतरतात. पित्त म्हणजे शरीराने स्वतः तयार केलेला साबणच. तूप-तेल पचवण्यासाठी ते जसे स्निग्धाचे कण फोडते, तसेच ते विषाणूची शालही धुऊन टाकते. आतड्यात येतो तो उघड्या, टणक कवचाचा विषाणू, जो मलावाटे बाहेर पडून पाण्यात तग धरू शकतो. रक्तात लपण्यासाठी एक वेष आणि पाण्यात टिकण्यासाठी दुसरा; आणि पहिला वेष चढवणारे हे जेमतेम ११४ अमिनो आम्लांचे प्रथिन.

या साऱ्याचा रुग्णाच्या घराशी काय संबंध, ते आता पाहू. विषाणू दिंडीतून गुपचूप जातो, भिंत फोडून जात नाही. त्यामुळे विषाणू बाहेर पडू लागला तरी पेशी जिवंत असतात आणि माणसाला काही जाणवत नाही. यकृताची जी हानी होते ती बव्हंशी आपल्याच प्रतिकारशक्तीने बाधित पेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे होते, आणि तो हल्ला उशिरा सुरू होतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीपासूनच मलातून विषाणू जाऊ लागलेले असतात आणि पुढेही तीन-चार आठवडे जात राहू शकतात. म्हणून कावीळ दिसल्यावर रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करून भागत नाही. ज्या पाण्याने त्याला बाधा झाली ते पाणी घरातील इतरांनीही महिना-दीड महिन्यापूर्वीच प्यालेले असते. आमचे उत्तर असे : माणसाला वाळीत टाकू नका. सर्वांचे पाणी उकळा, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा, आणि घरात कोणी गर्भवती असेल तर तिला त्याच दिवशी दाखवायला आणा.

गर्भवतीविषयी आम्ही इतके आग्रही का, ते सांगतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चारांपैकी किंवा पाचांपैकी एक माता. ए, बी किंवा सी विषाणूंच्या काविळीत असे सहसा आढळत नाही. गर्भारपणातील संप्रेरके व बदललेली प्रतिकारशक्ती यांचा त्यात वाटा असावा, असे संशोधक मानतात. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध अन्य काही रुग्णांत उपयोगी पडते, परंतु गर्भास घातक असल्याने ते येथे वर्ज्य आहे. वेळीच दाखल करणे आणि बारीक लक्ष ठेवणे, हाच उपचार.

लक्ष कशावर ठेवायचे, याबाबत नातेवाइकांत मोठा गैरसमज आहे. अहवाल हाती आला की सर्वांची नजर बिलिरुबिनच्या आकड्यावर जाते. बारा झाले, पंधरा झाले, म्हणून रडारड होते. आम्ही आधी पाहतो ती प्रोथ्रॉम्बिन चाचणी. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतच बनवते, त्यामुळे रक्त गोठण्यास वेळ लागू लागला तर यकृताचा कारखाना थांबत चालला आहे असे समजावे. (दिल्लीतील प्रयोगांत ओआरएफ-३ हे फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या एका साखळीला चिकटून त्याचे स्रवणे कमी करते असेही दिसले आहे. मात्र ते प्रयोग एकटे प्रथिन पेशींत घालून केलेले आहेत. खाटेवरच्या रुग्णाला त्याच मोजमापाने तोलू नये, असे आमचे मत आहे.) रुग्ण दिवसा झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर एक तासही वाया घालवू नये. बिलिरुबिन वीस असूनही हिंडता-फिरता माणूस पूर्ण बरा होतो, आणि ते आठच असताना गुंगीत गेलेला माणूस हाती लागत नाही.

येथे काविळीच्या माळेविषयीही बोलणे भाग आहे. डोक्यावर घातलेली माळ दिवसागणिक लांबत गळ्यात उतरते, चुन्याच्या निवळीने हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि कावीळ 'उतरली' असे मानले जाते. ही माळ घालणाऱ्यांची आम्ही थट्टा करणार नाही. त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसे बरी होतात, ही वस्तुस्थिती आहे. कारण हिपॅटायटिस ई बहुसंख्य लोकांत आपोआपच बरा होतो. प्रतिकारशक्ती बाधित पेशींचा निकाल लावते, यकृत स्वतःला पुन्हा उभारते, आणि श्रेय माळेला जाते. धोका माळेत नाही. माळेच्या भरवशावर गमावलेल्या चार दिवसांत आहे. पथ्याचेही तसेच. हळद नाही, तेल नाही, तूप नाही, असे करीत गर्भवतीला पेज आणि लाह्यांवर ठेवले जाते. तिला पोटभर अन्नाची गरज असते. उसाच्या रसाबद्दल इतकेच सांगतो की ऊस निर्दोष आहे. त्यात घातलेला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे गुऱ्हाळवाल्यालाही ठाऊक नसते.

प्रतिबंधक लस आहे का, हे प्रत्येक जण विचारतो. आहे, आणि ती दुसऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे कवचाच्या, एका तुकड्यापासून बनवलेली आहे. चीनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांवर तिची चाचणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये तेथे तिला मान्यता मिळाली. दहा वर्षांनंतरही तिचा प्रभाव ८६ टक्क्यांहून अधिक राहिल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण सुदानमधील बेंतिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत २०२२ साली साथीच्या वेळी ती प्रथमच वापरली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतही कवचाच्या प्रथिनावर आधारलेल्या लशीचे प्रयोग झाले व माकडांवरील निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु चीनबाहेर या लशीचा वापर अद्याप तुरळकच आहे. आपल्या दारात ती येईपर्यंत आपला भरवसा पाण्यावरच.

पाण्याची गोष्ट काढली म्हणजे पुणेकरास कात्रजहून पेशव्यांनी आणलेले नळ आणि पेठापेठांतले हौद आठवतात, आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूरही आठवतो. त्या पुराने आमच्या या पेठेतील कित्येक वाडे जमीनदोस्त केले. आजचा धोका इतका नाट्यमय नाही. जुन्या गल्ल्यांत पाण्याचे आणि मैलापाण्याचे नळ शेजारी शेजारी गेलेले असतात. नळाला पाणी नसते तेव्हा गळक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. इचलकरंजी शहरात २०१२ साली या रोगाची मोठी साथ आली, तिच्या मुळाशीही दूषित पाणीच होते. पुण्यातील मैलासफाई कामगारांच्या रक्ताची तपासणी येथील शास्त्रज्ञांनी केली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतरांपेक्षा या कामगारांत हिपॅटायटिस ई ची बाधा होऊन गेल्याच्या खुणा बऱ्याच अधिक आढळल्या. आपण ज्याला 'आपले' ड्रेनेज म्हणतो, त्याची किंमत त्यांचे यकृत देते, हे देणगीदारांच्या सभेत बोलून दाखवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आणखी एक शंका नेहमी येते ती डुकरांविषयी. पाश्चात्त्य देशांत डुकरांपासून माणसाला हा रोग होतो हे खरे, पण पश्चिम भारतातील माणसांत आणि डुकरांत आढळणारे विषाणू निराळ्या जनुकीय प्रकारांचे आहेत, हे पुण्याच्या संस्थेने २००२ सालीच दाखवले. आपल्याकडे माणसाचा विषाणू माणसाकडूनच, पाण्यावाटे येतो.

आता न्यासापुढे आमची मागणी. प्रोथ्रॉम्बिन चाचणी रात्रीच्या पाळीतही व्हावी, यासाठी एका तंत्रज्ञाचे वेतन लागेल. काविळीच्या गर्भवतीसाठी प्रसूती विभागात दोन खाटा जून ते ऑक्टोबर राखीव ठेवाव्यात आणि तिच्याकडून अनामत रक्कम मागू नये. मैलासफाई कामगारांची यकृताची तपासणी विनामूल्य करावी. त्यासाठी वेगळा निधी उभारावा लागेल, आणि तो या सभागृहातून उभा राहील असा आम्हांस विश्वास वाटतो.

गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी शेवटी एक सूचना. तळाची आणि गच्चीवरची टाकी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून निदान दोनदा रिकामी करून घासावी, झाकणाला फट राहू देऊ नये, आणि टीसीएल पावडर किती घालायची ते महापालिकेच्या आरोग्य कोठीत विचारून घ्यावे. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच तैलरंगाने लिहावी. आमच्या गच्चीवरच्या टाकीवर ती लिहिलेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहापानानंतर जिन्याने वर यावे.